त्रेचाळीस घरांवरचा तलाव

आमच्या कॉलेजात एक तलाव होता. सतरा वर्षांत एकशे सत्याऐंशी मुलामुलींनी त्याच्या काठावर काही ना काही बांधलं. एकाने तरंगतं वाचनालय बांधलं. एकीने काचेचा पूल टाकला. एका बहाद्दराने होड्यांसाठी दुमजली पार्किंग केलं. वरच्या मजल्यावर होडी चढणार कशी, हे त्याला कोणी विचारलं नाही, कारण चित्र फार देखणं होतं. एका मुलीने तर तिथली बदकं मोजली. चौतीस बदकं, त्यातली नऊ परदेशी. तिला सुवर्णपदक मिळालं.

बदकं नव्हती. पाणी नव्हतं. तलाव नव्हता. तो चहा होता आणि तो मी सांडला होता.

आता हे जितकं सरळ सांगतोय तितकं आधी कधी सांगितलं नाही, म्हणून तर पुढचं सगळं रामायण झालं.

मी त्या कॉलेजच्या मॉडेल वर्कशॉपमध्ये असतो. अर्बन डिझाइनच्या एम.आर्क.ची मुलं, म्हणजे एकेकटी इमारत नाही तर अख्खी वस्ती, तिचे रस्ते, चौक, गटारं यांची आखणी शिकणारी मुलं, माझ्याकडे येतात. त्यांना पुठ्ठा, कॉर्क, अ‍ॅक्रिलिक कापून द्यायचं हे माझं काम. अख्खं कॉलेज मला मामा म्हणतं. त्या ढीगभर भाच्यांत खरी भाची एकच होती, माझ्या ताईची मुलगी. उंचीने माझ्या खांद्याएवढी आणि रागाने छपराएवढी. लहानपणापासून तिला आम्ही लवंगी म्हणतो, आणि ती ते नाव दर दोन तासांनी सार्थ करते.

तर चहाचं. सतरा वर्षांपूर्वी सगळं हाताने चालायचं. शहराच्या जुन्या भागाचा एक नकाशा होता, पारदर्शक फिल्मवर शाईने काढलेला, पलंगाएवढा. त्याला बेस मॅप म्हणायचे. दरवर्षी नवी मुलं यायची, त्यावर आपला कागद टाकून गिरवायची आणि त्यावर आपापलं शहर मांडायची. एका दुपारी मी त्या फिल्मवर चहाचा पेला ठेवला आणि कोपराने पाडला. पाचावर धारण बसली. कोणी यायच्या आत शर्टाच्या बाहीने खसाखसा पुसून काढला. चहा गेला. शाईही गेली. उरली एक तपकिरी कड, तळहाताएवढी, एका बाजूला भोपळ्यासारखी फुगलेली. बाहीवर मात्र बारीक बारीक काळ्या घरांची रांग उठली होती. ती मी घरी जाऊन धुतली. इमारती पाडणारे लोक मी पुष्कळ पाहिले, पण गल्ली साबण लावून धुतलेला माणूस मी एकटाच असेन.

पुढच्या मुलांनी गिरवताना ती कडही गिरवली. त्यांच्या पुढच्यांना वाटलं, कड आहे, आत काही नाही, म्हणजे पाणी. त्यांनी निळं केलं. मग नकाशा कॉम्प्युटरवर चढला आणि निळ्याला नाव मिळालं, 'ऐतिहासिक तलाव'. मुलं साइटवर जायची नाहीत असं नाही. जायची. मुख्य रस्त्यावर उभं राहून फोटो काढायची, थंडगार काहीतरी प्यायची आणि परत यायची. आत गल्लीत कोणी शिरायचं नाही, कारण त्यांच्या कागदावर आत गल्ली नव्हती. एकदा एका सरळमार्गी मुलाने विचारलं, "सर, तलाव काही दिसला नाही."

सर म्हणाले, "दिसेल कसा? बुजवलाय. अतिक्रमण!"

हे सर म्हणजे विभागप्रमुख. मुलं त्यांना व्हिजन सर म्हणतात. एक चष्मा डोक्यावर, एक गळ्यात, आणि डोळे कायम मधल्या उघड्या जागेत.

मला काय, मजा वाटायची. दरवर्षी निळं अ‍ॅक्रिलिक कापताना मी गालातल्या गालात हसायचो. मुलांना किस्साही सांगायचो, पण घडला तसा कधीच नाही. एका वर्षी मांजराने शाईची दौत लवंडली. दुसऱ्या वर्षी जुन्या प्राचार्यांना शिंक आली आणि तिच्या झोताने अर्धं शहर खिडकीतून उडून गेलं, ते तीन दिवस झाडावरून वेचत होतो. मुलं टाळ्या पिटायची. "मामा, अजून एक!" कोणाचा विश्वास बसू नये अशा बेताने मी मीठमसाला लावायचो. नोकरीची भीती होती हे एक. आणि खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या वर्षी सांगायला काय उरलं असतं, हे दुसरं.

लवंगी शेवटच्या वर्षाला होती तेव्हा नोटिसा आल्या.

दर रविवारी मी ताईकडे जेवायला जातो. गल्ली लांबीला दोनशे पावलं, दोन्ही बाजूंनी घरं, घराखाली नाहीतर घराबाहेर प्रत्येकाचं काम. ताई खुर्च्यांच्या गाद्या शिवते. दाजी कुलपं दुरुस्त करतात. शेजारी ट्रंकवाले काका, त्यांच्या पत्र्याच्या ठोक्यांवर गल्लीतली पोरं पाढे पाठ करत मोठी झाली. त्या रविवारी ठोके बंद होते. प्रत्येक दारावर एक कागद डकवलेला आणि ताईच्या दारात लवंगी उभी राहून तो तिसऱ्यांदा वाचत होती. 'संरक्षित तलावक्षेत्रातील अनधिकृत बांधकाम. नव्वद दिवसांत स्वतःहून काढून घ्यावे, अन्यथा पालिका काढील.'

दाजी म्हणाले, "तलाव? इथे नळाला पाणी चढत नाही आणि तलाव कुठून काढला यांनी?"

"माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली," ताई शिवणयंत्रावरून उठलीसुद्धा नाही. "तीस वर्षं काय मी भाजी आणायला पोहत जात होते?"

मी हसलो. मी एकटाच.

"मामा, इकडे ये," लवंगी म्हणाली. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात छोटा नकाशा छापला होता. "ही कड बघ. हा फुगवटा बघ. हा आमच्या स्टुडिओतला तलाव आहे. सरांनी आमच्या शीट्स पालिकेला दिल्या. 'तलाव पुनरुज्जीवन' म्हणून. ते सल्लागार आहेत त्यात. मी स्वतः दुसऱ्या सेमिस्टरला या तलावाभोवती बाकं टाकलीत, मामा. चौसष्ट बाकं!"

मी तो भोपळा बघितला आणि मला माझा चहा ओळखू आला. तुम्ही म्हणाल, तुला आधी कळलं नाही? नाही कळलं. आईशप्पथ नाही. ताईच्या घरी मी पायांनी जातो. पानवाल्याच्या कोपऱ्यावर वळायचं, सायकलवाल्याला हात करायचा, उजवीकडचं अकरावं दार. नकाशावर बोट ठेवून मी कधी कोणाच्या घरी गेलोय? कागदावर ती गल्ली एका बोटाएवढी. मी चहा कुठे सांडला ते कधी बघितलंच नाही. आणि सतरा वर्षं, दर वर्षी, निळं अ‍ॅक्रिलिक कापून मी माझ्या हाताने ताईच्या घरावर चिकटवत होतो आणि रविवारी त्याच घरात जेवत होतो.

"लवंगे, तो चहा आहे," मी म्हणालो.

"मामा, आत्ता नको हं. मांजर नको, शिंक नको."

"मांजर नव्हतंच. चहा होता. माझा. मी बाहीने पुसला."

"थापा मारू नकोस."

"तुझ्या आईची शपथ. ही काय, समोर बसलीय."

ताईचं यंत्र थांबलं. लवंगी माझ्याकडे बघत राहिली. लहानपणापासून माझ्या हजारो थापा तिने पचवल्यात, तिला माझ्या चेहऱ्यावरची थाप ओळखता येते. या वेळी थाप नाही हे तिला दिसलं.

"सतरा वर्षं?" ती हळू म्हणाली. ती हळू बोलली की मला जास्त भीती वाटते. "सतरा वर्षं तुला माहीत होतं तिथे पाणी नाही?"

"अगं, मला कुठे ठाऊक, की ती हीच—"

"ही नसती तर चाललं असतं? दुसऱ्या कोणाची गल्ली असती तर गंमत होती?"

मी दारावरचा तो कागद परत वाचू लागलो.

दाजी शांत माणूस. त्यांनी एक कुलूप हातात घेतलं, परत ठेवलं. "तुम्ही जेवून घ्या," म्हणाले. "तुमच्यासाठी वाढलंय." त्या घरात मला एवढं कडू वाक्य कधी कोणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लवंगी सरांच्या केबिनमध्ये गेली. मी दाराबाहेर पुठ्ठ्याचा गठ्ठा घेऊन उभा. ती म्हणाली, सर, तिथे त्रेचाळीस घरं आहेत, तलाव कधी नव्हता. सर म्हणाले, "तुझी भावनिक गुंतवणूक मी समजू शकतो. पण सतरा प्रबंधांत या तलावाचा संदर्भ आहे." तिने विचारलं, पहिल्या प्रबंधाने कुठून घेतला? सर म्हणाले, "पहिला प्रबंध हा मूळ स्रोत मानतात." मग मी पुढे झालो, म्हणालो, सर, तो चहा. सर इतके हसले की गळ्यातला चष्मा डोक्यावरच्याला लागला. "मामा, गेल्या वर्षी मांजर होतं ना? तेच बरं होतं." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी कॉलेजात कोणावर हात उचललेला नाही. त्या दिवशी हातात गठ्ठा होता म्हणून.

लवंगीने आपल्या शेवटच्या प्रकल्पाचा विषय बदलला. साइट, ताईची गल्ली. ज्यूरीला, म्हणजे सगळ्यांसमोर काम भिंतीवर लावून त्याची चिरफाड करून घ्यायची त्या परीक्षेला, बाहेरून परीक्षक येतात. त्या वर्षी पालिकेच्या अभियंता बाई येणार होत्या, ज्यांच्या सहीने तलावाची हद्द पक्की व्हायची होती. नव्वद दिवस संपायच्या नऊ दिवस आधी.

तिने टेप घेतला आणि पहिल्या दारापासून सुरुवात केली. मी टेपचं दुसरं टोक धरायचो. ती माझ्याशी बोलायची नाही, फक्त आकडे सांगायची. "दोन चौऱ्याण्णव. घट्ट धर. घट्ट म्हटलं ना!" घरं, ओटे, पायऱ्या, कोणाचं काम ओट्याच्या किती बाहेर येतं, गटाराचं झाकण कुठे तुटलंय, सगळं. सायकलवाला म्हणाला, "पाडायच्या आधी मापं घेताय होय?" लवंगीने टेप खाली टाकला आणि त्याला असं झापलं की त्याने बिचाऱ्याने स्वतः टेप उचलून धरला.

नोटिशीच्या विसाव्या दिवशी ट्रंकवाले काकांनी आपल्या दुकानाचा पुढचा पत्रा स्वतः काढला. बुलडोझर आला तर हत्यारं चिरडतील, त्यापेक्षा आपल्या हाताने काढलेलं बरं, म्हणाले. ऐरण विकली. शेवटच्या दोन ट्रंकांत संसार भरला आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, लेकीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. लवंगी त्यांना सांगत होती, "काका, थांबा, मी सिद्ध करते." काका म्हणाले, "तू शिकतेस अजून, बाळा." वाईट बोलायचं म्हणून नाही बोलले. पण ती घरात गेली आणि माझी स्टीलची फूटपट्टी गुडघ्यावर घालून वाकवली. ती पट्टी मला सतरा नंबरच्या करवतीने कापता येत नाही.

जमिनीची पातळी कशी घ्यायची हा प्रश्न होता. कॉलेजचं यंत्र सरांच्या कुलपात. मग गवंडी वापरतो ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणली. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं, तिथे खूण करायची आणि पुढे सरकायचं. मुख्य रस्त्यापासून गल्लीच्या मध्यापर्यंत आम्ही असे सरकत गेलो. शेवटी तिने बेरीज केली, परत केली, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याशी वाक्य बोलली.

"मामा, गल्लीचा मध्य रस्त्यापेक्षा एक मीटर चाळीस वर आहे. तुझा तलाव टेकाडावर आहे."

"माझा नको म्हणूस गं."

"तुझाच आहे. ज्यूरीला उभं राहून सांगायचंस. सरळ. एक शब्द वाढवलास ना, तर परत आईच्या दारात येऊ नकोस."

ज्यूरीच्या सकाळी मी मॉडेल उचलून आणलं. सगळं पांढऱ्या पुठ्ठ्याचं, त्रेचाळीस घरं, निळा तुकडा कुठेच नाही. मी आयुष्यात एवढं नीट कापलं नव्हतं. भिंतीवर तिचे अकरा कागद. समोर खुर्चीत सर, त्यांच्या शेजारी अभियंता बाई. बाई पन्नाशीच्या, पायात जाड तळव्याचे बूट, बुटांना वाळलेली माती. मला त्या मातीने थोडा धीर आला.

लवंगीने कुठलंही प्रास्ताविक केलं नाही. गल्लीचा उभा छेद दाखवला, म्हणजे गल्ली सुरीने कापून बाजूने पाहिली तर जशी दिसेल तसा. रस्ता खाली, गल्ली वर. "इथे तलाव असता तर पाण्याला रोज सकाळी चढून जावं लागलं असतं."

मागे मुलं खुसखुसली. सर पुढे झुकले. "पाणी हा फक्त पातळीचा प्रश्न नसतो. पाणी ही शहराची स्मृती असते."

"सर, स्मृती कुठेही साठते. पाणी उताराला लागतं."

"तू डिझाइन कुठे केलंयस? हा तर सर्व्हे आहे."

"डिझाइन हेच. काही पाडायचं नाही. तुटलेलं गटार नवीन, कामाच्या जागांवर सावली, एक नळ जिथे पाणी चढेल तिथे. सातव्या शीटवर आहे. तुम्ही अजून पहिल्या शीटवर रागावताय."

अभियंता बाईंनी हात वर केला. "तलावाचा मूळ पुरावा काय?"

"सतरा प्रबंध," सर म्हणाले.

"त्यांच्या आधी?"

"बेस मॅप."

"तो कोणी पाहिलाय?"

लवंगीने माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. "बाई, तो तलाव म्हणजे चहा आहे. सतरा वर्षांपूर्वी माझ्या हातून सांडला. मी बाहीने पुसला, त्यात घरं पुसली गेली."

झालं! अख्ख्या हॉलमध्ये हशा. "मामा, शिंकेचं सांगा!" "मामा, मांजर कुठे गेलं?" एकाने टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्यांनी धरल्या. सरही हसत बाईंना समजावू लागले, "आमचे मामा म्हणजे मोठे कलाकार. दरवर्षी नवीन आवृत्ती." बाईंच्याही ओठांवर हसू आलं. मी ओरडलो, "अहो खरं सांगतोय! खरं!" तर जास्तच हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण राग काढायचा कोणावर? या टाळ्या मीच पाळल्या होत्या, सतरा वर्षं, दाणे टाकून.

आवाज आला तो लवंगीचा. "गप्प बसा!" खिडकीच्या काचा वाजल्यासारख्या वाटल्या, आणि हे मी वाढवून सांगत नाही. "त्रेचाळीस घरांना नऊ दिवस राहिलेत आणि तुम्हाला करमणूक हवी? मामा, नकाशा आण."

जुने नकाशे लोखंडी कपाटाच्या सपाट खणांत असतात. किल्ली माझ्याकडे. सगळ्यात तळाचा खण, वर सतरा वर्षांचा कचरा. ती फिल्म मी ओढून काढली. आणून टेबलावर पसरली. तपकिरी कड तशीच, आत कोरं.

सर म्हणाले, "बघा. आकृती स्पष्ट आहे."

"तपकिरी आहे," बाई म्हणाल्या. "तलाव तपकिरी काढतात का तुमच्याकडे?"

"चहाच आहे की नाही, हे यावरून ठरत नाही," सर म्हणाले. ते मात्र खरं होतं. डाग कशाचाही असू शकतो.

लवंगीने फिल्म उचलली आणि खिडकीशी नेली. सरळ धरली नाही, आडवी धरली, डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे उजेड बाजूने सरपटत यावा. मला वाटलं ही रागाने फाडते की काय.

"बाई, इकडे या. शाई पुसली जाते. पण फिल्मवर काढताना पेनाचं टोक चरा पाडतं. चरा बाहीने जात नाही."

बाई उठल्या. मीही गेलो. आणि आडव्या उजेडात, त्या कोऱ्या जागेत, घरं होती. बिनशाईची. केसाएवढ्या ओरखड्यांची. लवंगी मोजू लागली, तिच्या कागदावरची घरं एका हातात, फिल्म दुसऱ्या हातात. "एक, हा सायकलवाला. दोन. तीन, हिला मागे खाच आहे, माझ्या कागदावर आहे, बघा. अकरा, हे आमचं. बारा, ट्रंकवाले काका, हे ओट्याइतके पुढे आलेले." तिचा आवाज फाटत चालला होता, पण ती थांबली नाही. त्रेचाळीस झाली तेव्हा हॉलमध्ये कोणी हसत नव्हतं.

बाईंनी फिल्मवरून नख फिरवलं. नख घराघराला अडकत गेलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "नोकरीत आहात अजून?"

"आहे."

"मग लिहून द्या. तारीख, वेळ, काय सांडलं, कशाने पुसलं. सही. एक ओळ जास्त नको."

मी लिहिलं. आयुष्यातली सगळ्यात छोटी गोष्ट, साडेचार ओळींची. हद्दीचा कागद बाईंनी सही न करता पिशवीत घातला आणि चार दिवसांनी पालिकेचं पत्र आलं: नोटिसा रद्द. कारण? 'तांत्रिक त्रुटी'. चहा नाही, मी नाही, सर नाहीत, सतरा प्रबंध नाहीत. तांत्रिक त्रुटी! जणू काही ती हवेतून पडली. सर अजून सल्लागार आहेत. लवंगीला त्यांनी काठावर पास केलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'कल्पनाशक्तीचा अभाव'. चौतीस बदकांना सुवर्णपदक आणि त्रेचाळीस घरांना हा शेरा. मी तो कागद वाचून वर्कशॉपमध्ये करवत चालू केली आणि कापायला काही नव्हतं तरी बराच वेळ चालू ठेवली.

मला वाटलं, संपलं. गल्लीत आनंद झाला, कागद दारांवरून निघाले, सायकलवाल्याने मला मिठी मारली. त्याला वाटलं भाचीला मदत केली म्हणून मामा थोर. मी मिठी घेतली. लवंगीने ते पाहिलं.

"यांना सांगितलंस का?"

"आता कशाला गं? सुटले ना बिचारे."

"ट्रंकवाले काका सुटले?"

मी दारावर राहिलेला नोटिशीचा डिंक नखाने खरवडू लागलो.

"त्रेचाळीस दारं आहेत. एकेका दारात जाऊन सांगायचं. तू सांडलास, तू पुसलास, तुला माहीत होतं, तू हसलास. पहिलं दार काकांचं. मी येते बरोबर."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही," ती म्हणाली.

काकांच्या लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, आणि त्या दोन ट्रंका एकीवर एक ठेवून त्यावर टीव्ही. काका उघड्या गॅलरीत स्टुलावर बसले होते, हातांना काही काम नाही म्हणून गुडघे चोळत. मला पाहून खुलले. "या मामा! काहीतरी सांगा बुवा, इथे करमत नाही."

मी सांगायला सुरुवात केली. पेला, कोपर, बाही. काका हसायला लागले. बाहीवर गल्ली उमटली म्हटल्यावर तर त्यांनी लेकीला हाक मारली, "अगं ये, मामांनी नवीन आणलाय!"

मी लवंगीकडे पाहिलं. ती म्हणाली, "परत. पहिल्यापासून."

मी परत सांगितलं. बाहीवरची घरं गाळली, ती खरी होती तरी. उरलं ते एवढंसंच होतं. पेला सांडला, घरं पुसली, सतरा वर्षं माहीत असून बोललो नाही. काकांचं हसू कधी गेलं ते मला कळलं, कारण गुडघे चोळणारा हात थांबला.

मग त्यांनी विचारलं, पण मला नाही, तिला. "त्या नकाशात माझं घर होतं?"

लवंगीने पिशवीतून आपला कागद काढून त्यांच्या मांडीवर पसरला. बारावं घर दाखवलं. काकांनी डोळे बारीक करून पाहिलं, आणि बघता बघता त्यांचा चेहरा तापला.

"हे काय काढलंयस? दाराला फळ्या दोन होत्या. तू एकच काढलीस. आणि पत्रा कुठेय?"

"मी मोजायला आले तेव्हा तुम्ही काढला होता, काका."

"काढला होता म्हणून नव्हता होय?" ते ओरडले. "बत्तीस वर्षं तिथे होता तो! काढ. आत्ता काढ. नऊ फूट होता, खाली दुमडलेला. ऐरण इथे. नीट काढ!"

तिने पेन्सिल काढली आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. मी पुढे होऊन कागदाचं टोक धरायला गेलो.

"यांना सांग, खाली जाऊन थांबा," काका म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी तीन मजले उतरलो आणि रस्त्यावर उभा राहिलो. वरून काकांचा आवाज येत होता, एकेक वस्तू ओरडून सांगणारा, आणि मधूनमधून तिचा, किती इंच म्हणून विचारणारा. बेचाळीस दारं अजून बाकी होती.